आधी स्वतःचं नाव सांगा

पांढरकवड्यात रेडिएटरचं काम करणारे तिघे-चौघे आहेत. त्यांतल्या कोणाकडेही तापलेली गाडी नेली की तो बॉनेट उघडून आत डोकं घालतो. मुजफ्फरभाई तसं करत नाहीत. ते आधी ड्रायव्हरला बाकड्यावर बसवतात, समोरच्या लखीरामच्या टपरीवरून चहा मागवतात आणि विचारतात, "तापते कुठी?"

हैदराबादला माल पोचवायची घाई असलेला ड्रायव्हर या प्रश्नानं वैतागतो. तापते म्हणजे तापते, कुठी काय? पण मुजफ्फरभाई ढिम्म हलत नाहीत. निर्मलच्या घाटात चढताना तापते की सपाटीवर? माल भरलेला असताना की रिकामी? उभी असताना की पळताना? एवढं सगळं विचारून झालं की मग ते उठतात, आणि दहातल्या चार गाड्यांना सांगतात की बाबा, तुझ्या रेडिएटरला काही झालेलं नाही, पंख्याचा पट्टा ढिला आहे, नाहीतर तापलेलं पाणी थंड व्हायला सोडणारा थर्मोस्टॅट अडकलाय, पलीकडच्या गॅरेजात जा. रेडिएटरवाल्यानं रेडिएटर चांगला आहे म्हणून गिऱ्हाईक परत पाठवायचं, ही काय धंदा करायची रीत झाली? मी त्यांना तसं एकदा म्हणालोही. ते हसले आणि चहाचा दुसरा कप मागवला.

माझी गाडी घेऊन मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही बाकड्यावर बसवलं होतं. मी या गावात बत्तीस वर्षं डॉक्टरकी करतोय. पेशंट खुर्चीत नीट टेकायच्या आत माझं पेन कागदावर चालायला लागतं. त्यामुळे एका रेडिएटरवाल्यानं मला पाऊण तास प्रश्न विचारत बसवलं याची मला लाज वाटली, असं लिहिणं शोभलं असतं. खरं सांगायचं तर नुसता राग आला होता. लाज पुढे वाटायची होती.

मुजफ्फरभाई आता सदुसष्टचे आहेत. बुटके, खांद्यानं रुंद, डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुळगुळीत आणि गुलाबी. तरुणपणी गरम रेडिएटरचं झाकण घाईनं उघडलं, त्याची ती खूण. "तवापासून घाई सोडली," म्हणतात. दुकानाआधी अठरा वर्षं ते याच हायवेवर ट्रक चालवत होते. दुकानाच्या मागेच घर आहे, आणि घरात आहेत रौशनभाभी.

रौशनभाभी मूळच्या बोरी अरबच्या. आमच्या वॉर्डातल्या अंगणवाडीच्या त्या अठ्ठावीस वर्षं सेविका होत्या. इथलं तिशीच्या आतलं जवळजवळ प्रत्येक पोर त्यांनी वजनकाट्याच्या झोळीत टांगलेलं आहे. कोणाचं वजन घटलं, कोणाची आई परत दिवसांची आहे, कोणाचा बाप पगाराच्या दिवशी घरी पोचत नाही, सगळं तोंडपाठ. लसीकरणाच्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसायचो तेव्हा बघायचो, बाई रजिस्टर भरताना जुनं पान कधी उलटून पाहत नसत.

त्याच बाईंनी मुदतीच्या आधी काम सोडलं, कारण रजिस्टर जमेना. मग एके दिवशी दोन माणसांच्या घरात चाळीस पोरांची खिचडी शिजली. मुजफ्फरभाईंनी ती मोहल्ल्यात वाटली आणि सगळे पोट धरून हसले. पंधरा दिवसांनी पुन्हा शिजली, तेव्हा कोणी हसलं नाही.

मी रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, बी-बारा पाहिलं. नागपूरच्या मेंदूतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान झालं अल्झायमर. गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या गोळ्यांनी रोग बरा होत नाही हेही मी मुजफ्फरभाईंना स्पष्ट सांगितलं. मग मोठ्या शहाणपणानं एक सल्ला दिला. म्हटलं, मेंदूला व्यायाम द्या. रोज सकाळी विचारत जा, आज वार कोणता, काल काय खाल्लं, मी कोण. सोडू नका. जितकं विचाराल तितकं टिकेल. मंगळवारी माझा दवाखाना बंद असतो, तेव्हा दर मंगळवारी मी स्वतः जाऊन परीक्षा घ्यायला लागलो. शंभरातून सात वजा करा. आता कोणता महिना आहे? मला ओळखलं का? मी आपल्या परीनं उपकारच करत होतो.

गेल्या वर्षी हिवाळ्यात नवं सुरू झालं. दिवस कलायला लागला की भाभी पिशवी उचलायच्या आणि निघायच्या. "माय वाट पाहून राह्यली असन," वाटेत भेटणाऱ्याला म्हणायच्या. त्यांची आई जाऊन वीस वर्षं झाली. बोरी अरब इथून किती लांब ते सोडाच, दुकानापासून हायवे मात्र तीनशे पावलांवर, आणि त्यावर ट्रक कसे जातात ते पांढरकवडेकरांना सांगायला नको. एका संध्याकाळी पूनमसिंग नावाच्या ओळखीच्या ड्रायव्हरनं त्यांना रस्त्याच्या मधोमध पाहिलं. कच्चकन ब्रेक मारून त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि घरी आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून माहनूर आली. ही त्यांची एकुलती एक मुलगी. बँकेत अधिकारी आहे, बापासारखीच खांद्यानं रुंद आणि बापाच्या नेमकी उलट घाईची. तिनं नागपूरला एक संस्था पाहून ठेवली होती. अशाच रोग्यांसाठी, फाटकाला कुलूप, चोवीस तास बाया. तिनं मला बोलावून घेतलं आणि बापासमोर विचारलं, "डॉक्टरकाका, तुम्हीच सांगा. अम्मी गाडीखाली आली तर?"

मी तिच्याच बाजूनं बोललो. त्या दिवशी तिचं काही चुकत नव्हतं, हे मी आजही म्हणेन. मुजफ्फरभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बेचाळीस वर्सं झाले निकाह होऊन. त्यातले अठरा मी बाहेर होतो अन् ती घरात. आता तिले बाहेर ठेवू अन् मी घरात राहू?" मग त्यांनी एक महिना मागितला. माहनूर रडत होती, पण हिशेबाची पक्की. म्हणाली, "एक महीना अब्बू. अगला इतवार पकड़ के चौथा. उस दिन मैं गाड़ी लेके आऊँगी और अम्मी को ले जाऊँगी."

त्याच आठवड्यात मुजफ्फरभाई दवाखान्यात आले. शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाहेर बसून राहिले. आत येऊन म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक खरं सांगा. मन ठेवू नका माहं. टेन्शननं होते का हा रोग?"

मी विचारलं, का? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. माहनूर वर्षाची असताना त्यांचा ट्रक आदिलाबादच्या पुढे उलटला. ते तिथल्या सरकारी दवाखान्यात बेशुद्ध पडून होते. तेव्हा कुठले मोबाइल! सहा दिवस घरी खबर नाही. "सहाही दिवस ती पोरीले कडेवर घेऊन हायवेवर उभी राह्यली जी. येनाऱ्या-जानाऱ्या ड्रायव्हरायले इचारत. मी घरी आलो तं रडली नाही. पानी गरम कराले गेली. अन् त्याच्यावर बी मी सात वर्सं ट्रक चालवला. दर खेपेले ती तशीच वाट पाह्यत असन. मीच तं नाही जाळला तिचा मेंदू?"

आता अशा वेळी डॉक्टरनं पाठीवर हात ठेवून "छे, काहीतरीच काय" म्हणायचं असतं. पण त्यांनी खरं मागितलं होतं. म्हणून मी कागद ओढला आणि मला जेवढं कळतं तेवढं सांगितलं.

म्हटलं, मुजफ्फरभाई, टिपेश्वरच्या रस्त्यावर समोर वाघ आला तर मेंदू शरीराला हुकूम सोडतो. रक्तात कॉर्टिसॉल नावाचं एक रसायन चढतं, काळीज धडधडतं, पायांत बळ येतं. ते हवंच, नाहीतर माणूस जागीच मरेल. वाघ गेला की ते उतरायला पाहिजे. पण वाघ जातच नसेल, म्हणजे काळजी वर्षानुवर्षं हटतच नसेल, तर ते चढलेलंच राहतं. मेंदूत नवी आठवण जिथं तयार होते, त्या छोट्याशा भागाला अशा लांबलेल्या ताणाचा त्रास होतो असं दिसतं. अल्झायमरचा पहिला घावही बहुतेकदा तिथंच पडतो. शिवाय मेंदूत राखणदार पेशी असतात. कचरा उचलणं, बिघाड झाला की धावून जाणं हे त्यांचं काम. त्या पेशींवरच ताण आला, तर ज्यांची राखण करायची त्यांनाच त्या इजा करायला लागतात, असंही अलीकडे काही संशोधकांना आढळतंय. 

"म्हंजे थर्मोस्टॅट अडकला," ते म्हणाले.

"साधारण तसंच. पण पुढचं ऐका." मी पेन खाली ठेवलं. "वय आहे, रक्तातून आलेले गुण आहेत, साखर आहे, रक्तदाब आहे. ताण हा त्यातला एक धागा. अमक्या बाईला अमक्या काळजीनं हा रोग झाला, असं जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. ट्रक चालवणाऱ्यांच्या हजारो बायका याच काळजीत जगल्या. त्यांतल्या बहुतेकींना हे झालं नाही. तुम्ही जाळला असं मी म्हणणार नाही. तुमचा काहीच संबंध नाही, हेही मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही. कोणालाच माहीत नाही."

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. पण त्यांनी डोळे पुसले, उठले आणि म्हणाले, "म्हंजे पहिल्यांदा कोन्त्या घाटात तापलं, ते आता सापडत नाही. ठीक आहे. पन आज कुठी तापते, ते तं पाह्यता येईन न?"

मी हो म्हणालो. दुःखी माणूस काहीही बोलतो, त्याला हो म्हणावं, एवढ्याच अर्थानं.

मुजफ्फरभाईंनी मात्र ते कामाला लावलं. दुकानाच्या शटरला आतून ते खडूनं लिहायला लागले. वार, भाभी कधी उठल्या, काय जेवल्या, झोप, कोण आलं, कोण गेलं, आणि संध्याकाळी पिशवी उचलली की नाही. दिवसातून चार वेळा हातातलं काम टाकून मागे घरात जायचे, नुसते बघायचे आणि परत येऊन शटरवर दोन शब्द लिहायचे. ट्रकवाले ओरडायचे, हे सांगायचे, "थांब न बाप्पा, एक मोठी गाडी लागली हाये कामाले." 

पंधराव्या दिवशी, मंगळवारी, मी परीक्षा घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला घरात जाऊ दिलं नाही. दुकानात नेऊन शटर अर्धं खाली ओढलं आणि टॉर्च मारला.

"चौदा दिवस. सहा दिवस पिशवी उचलली. त्या सहाही दिवशी घरी कोनी ना कोनी येऊन गेलतं. ज्या दिवशी कोनीच आलं नाही, त्या दिवशी एकडाव बी नाही उचलली. अन् हे पाहा मंगळवार. दोन्ही मंगळवारी गेली."

"मंगळवारी कोण येतं?" मी विचारलं.

"तुम्ही," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, चौदा दिवसांच्या नोंदींवरून काही सिद्ध होत नाही, हा योगायोग असू शकतो, आणि मी काय तुमच्या घरी भाभींना त्रास द्यायला येतो? मुजफ्फरभाई शांतपणे म्हणाले, "नसन होत सिद्ध. मले सिद्ध करायचं नाही जी, मले ती घरी पाह्यजे. अन् तुम्ही एकटेच थोडे आहा! मी बी त्यातच आहो. रोज सकाळी तिले इचारतो, मी कोन? ज्या दिवशी सांगता येत नाही त्या दिवशी ती दिवसभर माह्यासमोर येत नाही. चुलीकडे तोंड करून उभी राह्यते. शाळेत मार खाल्लेल्या पोरीसारखी."

मी तडक निघालोच होतो. तेवढ्यात घरातून आवाज आला. मागच्या दारानं विमलताई आल्या होत्या. विमलताई म्हणजे अंगणवाडीतल्या मदतनीस, भाभींबरोबर वीस वर्षं खिचडी शिजवलेल्या. मुजफ्फरभाई मला म्हणाले, "जाऊन बसा. काही बोलू नका. नुसती नाडी धरा."

मी गेलो, भाभींच्या शेजारी बसलो आणि मनगट हातात घेतलं. डॉक्टर नाडी पाहतो यात कोणाला काही वाटत नाही. अठ्ठ्याहत्तर. शांत, एकसारखी. विमलताई समोर आल्या, दोन्ही हातांनी भाभींचा चेहरा धरला, आणि तोंड भरून म्हणाल्या, "सेविकाबाई! ओळखलं का मले? सांगा बरं मी कोन?"

माझ्या बोटाखाली ती नाडी उसळली. भाभी हसल्या, पण ओढणीचं टोक मुठीत आवळलं गेलं. विमलताई सोडेनात. "अवो असं काय करता? वीस वर्सं एका चुलीवर शिजवलं आपन! आठवा न!" मी घड्याळाकडे पाहत मोजत होतो. एकशे चौदा. भाभींच्या वरच्या ओठावर घाम आला होता, आणि त्या हसतच होत्या. विमलताई डोळे पुसत गेल्या तरी नाडी खाली यायला पाऊण तास लागला. त्यानंतर तासाभरानं भाभींनी पिशवी उचलली.

आमच्याकडची ही रीतच आहे. आजारी माणसाला, म्हाताऱ्याला, खूप दिवसांनी भेटलेल्या कोणालाही, पहिला प्रश्न हाच. ओळखलं का मले? त्यात माया असते, दुसरं काही नसतं. अठ्ठावीस वर्षांत मोठी झालेली पोरं, त्यांच्या आया, सगळे त्या बाईवर जीव असलेले, अधूनमधून कोणी ना कोणी यायचं आणि मायेनं तिला नापास करून जायचं. तिला आमची नावं आठवत नव्हती, पण आपण हरलो हे तिला दर वेळी कळत होतं. नाव पुसलं जायचं आणि भीती मागे राहायची. दिवस कलला की ती भीती पायांत उतरायची, आणि पाय आईच्या घराकडे निघायचे. वाघ रोज घरात येत होता, आणि मंगळवारचा वाघ मी होतो. मी मघाशी म्हणालो ना, लाज पुढे वाटायची होती, ती त्या दिवशी वाटली. बत्तीस वर्षांत मी कधी नाडी धरून गप्प बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून घराच्या उंबऱ्याशी एक खुर्ची आली. त्यात मुजफ्फरभाई नाहीतर शेजारची एक बाई बसायची. नियम एकच. आत जाणाऱ्यानं पहिल्यांदा स्वतःचं नाव सांगायचं, आपण कोण ते सांगायचं, आणि काही म्हणजे काही विचारायचं नाही. ओळखलं का हा शब्द तोंडातून निघाला की बाहेर.

लोक दुखावले. एक जण म्हणाला, आमच्याच सेविकाबाईंना आम्ही नाव सांगायचं? म्हणजे आम्ही परके झालो का? मुजफ्फरभाई त्याला बसवून चहा पाजायचे आणि रेडिएटर समजावतात त्याच चिकाटीनं समजावायचे. लखीरामनं तर कहरच केला. आत जाऊन हात जोडून, रेशनच्या रांगेत उभा असल्यासारखा, स्वतःचं पूर्ण नाव, बापाचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका केळापूर, सगळं म्हणून दाखवलं. भाभी खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "बसा लखीरामभाऊ, चहा घेता का?" चहावाल्याला चहा विचारणारी ती पहिलीच बाई. तो दिवसभर रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत सुटला होता.

मीही गेलो, पुढच्या मंगळवारी. बॅग दुकानातच ठेवली. उंबऱ्यावर उभा राहून म्हणालो, "भाभी, मी डॉक्टर अनंत. तुमच्यासोबत लस द्यायला बसत होतो. आज सहज चहाला आलो." शंभरातून सात वजा केले नाहीत. त्या मला एका पोराची गोष्ट सांगत राहिल्या, सुई पाहून झाडावर चढलेलं. नाव आठवलं नाही त्यांना त्याचं, मला आठवत होतं. मी गप्प बसलो. मला ते किती जड गेलं काय सांगू!

पण सगळ्यांत अवघड भाग मुजफ्फरभाईंकडे होता. आम्ही आठवड्यातून एकदा नाव सांगणारे. ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन बायकोसमोर जायचे आणि म्हणायचे, "मैं मुजफ्फर. इसी घर का." कधी त्या म्हणायच्या, मालूम है जी, रोज क्या बताते. कधी नुसतं, अच्छा, बैठो. ते बसायचे. बेचाळीस वर्षांच्या संसारात रोज नव्यानं ओळख करून द्यायची, आणि समोरून अच्छा आलं तरी चेहरा पडू द्यायचा नाही. माझ्या बायकोनं एक दिवस मला असं अच्छा म्हटलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

तो रोग हटला नाही, हे सांगायला हवं, नाहीतर कोणी भलतंच समजेल. भाभी विसरतच आहेत, दर महिन्याला थोडं अधिक. पण त्या दोन आठवड्यांत पिशवी एकदाच उचलली गेली. तेव्हाही मुजफ्फरभाई आडवे गेले नाहीत. पिशवी स्वतः घेतली, सोबत चालले, लखीरामकडे चहा पाजला आणि दोघं गप्पा मारत परत आले.

चौथा रविवार उजाडला. माहनूर दुपारी गाडी घेऊन आली. आईचे कपडे भरायला मोठी बॅग आणली होती, संस्थेत एक खोली ठरवून आली होती. मला तिनं फोन करून बोलावलं होतं, बाप ऐकला नाही तर समजवायला म्हणून. मी तिला शटरवरचा खडू दाखवला, नाडीचं सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "काका, दोन आठवडे बरे गेले म्हणून मी आईचा जीव हायवेवर ठेवू?"

ती घराकडे वळली तसे मुजफ्फरभाई उंबऱ्यावरच्या खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "बेटा, पहले नाम बताना."

माहनूर जागच्या जागी थांबली. "मैं? मैं नाम बताऊँ? मेरी माँ को?" तिचा आवाज चिरकला. "अब्बू, मैं बेटी हूँ उनकी!"

"मैं रोज बताता," मुजफ्फरभाई म्हणाले.

माहनूरनं चपला काढल्या आणि ती आत गेली. भाभी खाटेवर बसून मटार सोलत होत्या. माहनूर समोर उभी राहिली. तोंडाशी आलेला तो प्रश्न तिनं गिळलेला मला दिसला. मग म्हणाली, "अम्मी, मैं माहनूर."

भाभींनी वर पाहिलं. चेहरा उजळला, पण तो कोणीही आलं की उजळतो तसा. बाजूला सरकून त्यांनी जागा केली आणि म्हणाल्या, "बसा न. माही बी एक पोरगी आहे, माहनूर नावाची."

मराठीत म्हणाल्या. त्या घरात आपसात हिंदी बोलतात. मराठी बाहेरच्या माणसांसाठी. ते माझ्या लक्षात यायच्या आधी माहनूरच्या लक्षात आलं होतं. तिनं दाराची चौकट धरली. आता ही ओरडणार, मीच ती, मीच माहनूर, नीट बघ म्हणणार, असं मला वाटलं, आणि तिनं तसं केलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

माहनूर खाटेवर बसली. परातीतली एक शेंग उचलली आणि मराठीत विचारलं, "कशी आहे तुमची माहनूर?"

"हुशार आहे," भाभी म्हणाल्या. "नागपूरले बँकेत आहे. पन काळजी भल्ली करते बाप्पा. लहानपनापासून तशीच. मी नजरेआड झालो का रडे." त्या शेंगा सोलत राहिल्या. मग हात थांबवून त्यांनी पाहुणीकडे पाहिलं. "तुम्ही नागपूरच्या का?"

"हो."

"मंग तिले माहा एक निरोप द्यान का? सांगा का मी माह्या घरीच आहो. चांगली आहो. रडू नको म्हना."

माहनूरनं मान खाली घातली होती. शेंग सोलता सोलता ती म्हणाली, "सांगते."

दोघींनी मिळून सगळे मटार सोलले. बॅग गाडीतून उतरलीच नाही. दिवस कलायच्या आत माहनूर आईच्या पाया पडली, "येते" म्हणाली, आणि तो निरोप घेऊन एकटीच नागपूरला गेली.